शिडांची शर्यत रेषेआधीच सुरू

पुणे : 'रेगाटा' म्हटले की पुणेकरांना अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची मुळेच्या पात्रातील वल्हवणाची प्रात्यक्षिके आठवतात. शिडाच्या होड्या मात्र बहुतेकांनी खडकवासला जलाशयावर, तेही लांबूनच, पाहिलेल्या असतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांना तेथील 'पीकॉक बे'मध्ये नौकानयनाचे धडे दिले जातात. शर्यतीपूर्वी एकाच जागी घुटमळणाऱ्या होड्या पाहून काठावरच्या माणसाला वाटते, अजून काही सुरू झालेले नाही. जाणकाराच्या लेखी मात्र निम्मी लढत तेथेच होऊन जाते.

धावण्याच्या शर्यतीप्रमाणे येथे स्पर्धकांना ओळीत उभे करता येत नाही, कारण होडीला ब्रेक नसतो. पंचांची नौका आणि पाण्यावर तरंगणारी एक खूण यांच्यामधील काल्पनिक रेषा म्हणजे आरंभरेषा. पाच मिनिटे आधी पहिला इशारा होतो, नंतर चार मिनिटे आणि एक मिनिट उरले असता बावट्यांनी व आवाजाने सूचना मिळते. शेवटच्या क्षणी पूर्ण वेगात, पण रेषेच्या अलीकडे असणे, हे खरे कसब. कोणी आधी रेषा ओलांडली तर निळा क्रॉस असलेला पांढरा बावटा चढतो आणि त्या होडीला मागे फिरून, इतरांना वाट देत, पुन्हा सुरुवात करावी लागते.

डावपेच येतात ते वाऱ्यामुळे. रेषा वाऱ्याला काटकोनात असेल तर दोन्ही टोके सारखीच. वारा किंचित जरी फिरला तरी एक टोक फायद्याचे ठरते आणि सगळ्यांची झुंबड तिकडे उडते. डोंगरांनी वेढलेल्या जलाशयात तर वारा घडीघडीला फिरतो. अशा गर्दीत दोन नियम कामी येतात. उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीला डावीकडून वारा घेणारीने वाट द्यायची. दोघींना एकाच बाजूने वारा असेल तर वाऱ्याकडच्या होडीने पलीकडच्या होडीपासून दूर राहायचे. पंचांच्या नौकेला चिकटून ऐनवेळी आत घुसू पाहणाऱ्याला जागा मागण्याचा अधिकारच नाही. दारात लटकून लोकलमध्ये शिरण्याची सवय येथे चालत नाही.

प्रत्येक धक्का पंचांना दिसत नाही. म्हणून चूक करणाऱ्याने ती स्वतःच मान्य करून होडीला दोन पूर्ण फेऱ्या मारायला लावाव्यात, असा दंडक आहे. न मारल्यास प्रतिस्पर्धी तक्रार नोंदवतो व शर्यतीनंतर सुनावणी होते. खिलाडूवृत्तीचा उघड भंग सिद्ध झाला तर त्या शर्यतीतून बाद केले जाते आणि मालिकेतील सर्वात वाईट निकाल वगळण्याची सवलतही त्या शर्यतीला नाकारली जाऊ शकते.

पण डावपेच कोठे संपतात? १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधील नौकास्पर्धा सॅव्हाना येथे झाल्या. एकट्याने चालवायच्या 'लेझर' वर्गात ब्राझीलचा रॉबर्ट शाइट गुणांत पुढे होता. शेवटच्या शर्यतीत काळा बावटा लागला होता. म्हणजे आधी रेषा ओलांडणारा थेट बाद. शाइट वेळेआधी निघाला, त्याच्यापाठोपाठ १९ वर्षांचा ब्रिटिश बेन एन्सलीही निघाला. दोघेही बाद झाले आणि सुवर्ण शाइटला मिळाले. त्याने हे मुद्दाम केले, असे मानले जाते. नियम मोडून त्याची शिक्षा त्याने भोगली. प्रतिस्पर्ध्याला मागे येण्याची सक्ती कोणी केली नव्हती. तरीही हे अनेकांना रुचले नाही.

चार वर्षांनी सिडनीत एन्सलीने परतफेड केली. शेवटच्या शर्यतीत त्याने स्वतः जिंकण्याचा विचार सोडून शाइटलाच गाठले आणि वाटेच्या हक्काचा वापर करीत त्याला ताफ्याच्या मागे रोखून धरले. सुवर्ण एन्सलीला, रौप्य शाइटला. पुढे एन्सली 'फिन' वर्गाकडे वळला आणि २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दोघांनीही आपापल्या वर्गात सुवर्णपदक जिंकले.