बिनतारी संपर्काचा चालक : घरचा की बाहेरचा?

शिष्यवृत्तीचे अर्ज पाठविण्याचा शेवटचा दिवस, आणि नेमक्या त्याच दिवशी शाळेच्या संगणकाला इंटरनेटची वाट सापडू नये, असा प्रसंग ज्याच्यावर गुदरला असेल त्यालाच त्यातील तगमग कळेल. ऑगस्ट २०२३ मध्ये तो आमच्यावर गुदरला. आदल्या सायंकाळी सुरळीत चाललेले यंत्र सकाळी उघडून पाहतो, तो पडद्याच्या कोपऱ्यातील वायफायची खूणच नाहीशी झालेली. राउटर जागच्या जागी लुकलुकत होता, शिपायाच्या मोबाइलवर सारे काही येत होते. रात्री बंद करताना संगणकाने आपणहून काही सुधारणा उतरवून घेतल्या होत्या, एवढाच काय तो फरक. १९ मुलांचे अर्ज अडून राहिले.

ज्या माजी विद्यार्थ्याने दोन वर्षांपूर्वी मोठ्या आपुलकीने आमच्या जुन्या संगणकांवर लिनक्स बसवून दिले होते, तो आता नोकरीनिमित्त पुण्यास असतो. त्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सर, त्या यंत्राचा वायफायचा ड्रायव्हर मी बाहेरनं आणून घातलेला की. आता कर्नल नवीन आला असणार, त्याच्याशी जुळला नसेल. सुरू करताना 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडून बघा." तसे केले आणि खूण पुन्हा पडद्यावर आली. अर्ज त्याच दिवशी गेले. परंतु 'बाहेरनं आणून घातलेला' हे शब्द माझ्या मनातून जाईनात. मी भाषेचा माणूस; यंत्रविद्येत माझा अधिकार नाही. तरीही ज्या गोष्टीवर मुलांचे अर्ज अवलंबून आहेत ती मुख्याध्यापकाला ठाऊक नसावी, हे काही बरे वाटले नाही.

ड्रायव्हर म्हणजे चालक, पण त्याचे खरे काम दुभाषाचे आहे. संगणकाला जोडलेली प्रत्येक वस्तू आपल्या स्वतंत्र बोलीत बोलते. प्रणालीच्या ज्या गाभ्याला कर्नल म्हणतात, त्याला त्या साऱ्या बोली आपोआप कळत नाहीत. मध्ये हा दुभाषी लागतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना आरंभिलेल्या लिनक्समध्ये बहुसंख्य दुभाषी कर्नलच्याच घरात राहतात आणि त्याच्याबरोबरच येतात. त्यांना मी 'घरचे' म्हणतो. ज्यांची संहिता वेगळी मिळवून, वेगळी बसवून घ्यावी लागते, ते 'बाहेरचे'.

आता मेख अशी आहे, की लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि त्याच्या आतील रचना कायम राहील, असे वचन कर्नलकार कोणालाही देत नाहीत. हे त्यांनी जाणूनबुजून ठरविलेले धोरण आहे. जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली, की सुतार चौकट बदलतो तेव्हा घरची दारे तिच्या मापाने स्वतःच तासून देतो. पाहुण्याने आणून ठेवलेले कपाट मात्र नव्या दारातून आत जाईल की नाही, याची काळजी त्याने करावी, अशी अपेक्षा नसते. कर्नलच्या आतील एखादी जोडणी जो बदलतो, त्याच्यावरच घरच्या सगळ्या चालकांत तो बदल करून देण्याची जबाबदारी असते. बाहेरच्या चालकाला वाली एकच, त्याचा कर्ता. तो थकला, त्याने नोकरी बदलली किंवा कंपनीचे लक्ष नव्या मालाकडे वळले, की चालक तिथेच थिजतो. (विंडोजची गोष्ट निराळी. तेथे चालकांसाठीची बाहेरची जोडणी वर्षानुवर्षे टिकवली जाते, म्हणून निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आणलेला चालक पुष्कळदा अधिक चांगला ठरतो. तिकडची सवय इकडे आणल्यानेच बरेच लोक फसतात.)

या झगड्याचा सर्वांत बोलका इतिहास ब्रॉडकॉम या कंपनीच्या चिपांचा आहे. २००० नंतरच्या दशकात या चिपा असंख्य लॅपटॉपांत बसविल्या गेल्या, परंतु लिनक्ससाठी त्यांची माहिती कंपनीने खुली केली नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी विलक्षण चिकाटीचे काम केले. एका गटाने उपलब्ध चालकाचे वर्तन न्याहाळून चिप कशी चालते याचे वर्णन लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ चालकाकडे न पाहता, केवळ त्या वर्णनावरून स्वतंत्र चालक रचला. असे केल्याने कोणाच्या मालकीच्या संहितेची नक्कल केल्याचा आरोप येत नाही. तो चालक जून २००६ मध्ये कर्नलच्या घरात आला आणि जानेवारी २००८ मध्ये 'बी४३' या नावाने त्याचा सुधारलेला अवतार आला. कुलूप पाहून किल्ली घडविणाऱ्या कारागिराचेच हे कौशल्य म्हणावे लागेल.

पुढे कंपनीने स्वतः 'डब्ल्यूएल' नावाचा चालक लिनक्ससाठी दिला, पण त्याचा महत्त्वाचा भाग बंद पेटीसारखा. आत काय आहे हे पाहण्याची सोय नाही. सप्टेंबर २०१० मध्ये मात्र तिने काही चिपांसाठी खुला चालक प्रसिद्ध केला, आणि कालांतराने तोही घरात सामावला गेला. म्हणजे एकाच कंपनीच्या चिपांसाठी घरात दोन-तीन चालक आणि बाहेर एक, अशी स्थिती झाली. 'बी४३' हा जुन्या ५४ मेगाबिटांच्या वेगापलीकडे जात नाही, म्हणून ज्यांना अधिक वेग हवा ते 'डब्ल्यूएल'कडे वळत. परंतु त्या 'डब्ल्यूएल'ची कंपनीने दिलेली शेवटची आवृत्ती २०१५ सालची आहे. त्यानंतर नव्या कर्नलशी तो जुळता राहिला, तो डेबियन, उबुंटू यांसारख्या वितरणांच्या सेवकांनी वेळोवेळी ठिगळे लावली म्हणून. २०१९ मध्ये त्यात सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर दोष असल्याचेही जाहीर झाले.

मग बाहेरच्याला दारच दाखवू नये काय? तसा हट्ट चालत नाही. ब्रॉडकॉमचीच बीसीएम ४३१४२ ही चिप कितीतरी स्वस्त लॅपटॉपांत आहे आणि तिला 'डब्ल्यूएल'वाचून गती नाही. घरी दुभाषी नसेल तर भाड्याने आणावाच लागतो. तो आणताना वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून आणावा, कुठल्या तरी अनोळखी कोपऱ्यातून नव्हे, म्हणजे निदान ठिगळे लावणारा कोणी तरी असतो. 'डीकेएमएस' नावाची एक व्यवस्था आहे, डेल कंपनीत तयार झालेली. ती प्रत्येक नव्या कर्नलबरोबर बाहेरच्या चालकाची पुन्हा बांधणी करते. तिचा उपयोग मोठा आहे, पण ती बांधणारी आहे, सुधारणारी नव्हे. जुनी संहिता नव्या चौकटीत बसतच नसेल, तर तीही हात टेकते. आणि 'सिक्युअर बूट' चालू असलेल्या यंत्रात आणखी एक उंबरठा असतो. स्वाक्षरी नसलेला चालक तेथे आत घेतला जात नाही. त्यासाठी किल्ली नोंदवावी लागते, आणि संगणक पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा जेमतेम दहा सेकंद वाट पाहून निघून जातो. त्या वेळी चहा प्यायला गेलेला माणूस पुढे दिवसभर डोके खाजवत बसतो.

घरच्या चालकाविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. तो घरात असला, तरी कित्येकदा चिपसाठी लागणारा 'फर्मवेअर' हा तिचा अंतर्गत कार्यक्रम वेगळा असतो, आणि तो नसला तर चालक असून नसल्यासारखा. परवान्यांच्या कारणाने डेबियनच्या अधिकृत प्रतीत हे फर्मवेअर पूर्वी नसे; २०२२ साली सभासदांनी मत देऊन नियम बदलला आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते बरोबर येऊ लागले. म्हणून खूण दिसत नाही एवढ्यावरून घाईने बाहेरचा चालक आणू नये; आधी फर्मवेअर आहे की नाही ते पाहावे. दरम्यान मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकास द्यावे, त्याला वायफायचा चालक लागत नाही. त्या सकाळी हे मला ठाऊक असते तर रक्तदाब तेवढा चढला नसता.

खरेदीच्या वेळीच डोळे उघडे ठेवले तर निवडीचा प्रश्नच येत नाही. मात्र खोक्यावरील नावावर विसंबू नये. टीपी-लिंकचे डब्ल्यूएन ७२२ एन हे उपकरण पाहा. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती. तिचा चालक घरचा, आणि २०१३ मध्ये तर तिच्या फर्मवेअरची संहितासुद्धा खुली झाली. दुसऱ्या आवृत्तीत नाव तेच, पण चिप रिअलटेकची, बोली सर्वस्वी निराळी. लग्नपत्रिकेत एक नाव आणि बोहल्यावर दुसराच नवरा, तसा हा प्रकार.

तो माजी विद्यार्थी त्या वर्षी गणपतीला गावी आला, तेव्हा आरती आटोपून शाळेत येऊन बसला. तपासता तपासता तो एकदम हसू लागला. आमच्या उपकरणातील चिपसाठी घरचा चालक फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ कर्नलमध्येच आलेला होता, आणि ऑगस्टमध्ये आमच्या यंत्राने उतरवून घेतला तोच कर्नल! म्हणजे त्या सकाळी दुभाषी दाराशी हजर होता. परंतु बाहेरचा चालक बसविताना दोघांची भांडणे होऊ नयेत म्हणून, घरच्याने आत येऊ नये अशी मनाई एका फाइलीत लिहिली गेली होती, आणि ती तशीच राहिली होती. बाहेरच्याला येता येईना, घरच्याला येऊ देईनात.

"सर, हे माझंच काम," तो ओशाळून म्हणाला. मी म्हटले, "अरे, दोन वर्षे चालले ते काय थोडे झाले?" त्याने बाहेरचा चालक काढला, मनाईची ओळ पुसली, यंत्र पुन्हा सुरू केले. वायफाय आपसूक लागले. देणगीत मिळालेला एक लॅपटॉप मात्र तसाच ठेवावा लागला, कारण त्याच्या चिपला घरचा चालक अद्याप नाही. त्यासाठी राउटरपासून १५ मीटर केबल ओढली आहे. आणि प्रत्येक यंत्राच्या मागे एक पुठ्ठा बांधला आहे : चिपचे नाव, चालक घरचा की बाहेरचा, बाहेरचा असल्यास कोठून व कधी आणला, कोणत्या फाइलीत काय मनाई केली, आणि जुना कर्नल कसा निवडायचा. अक्षर नववीतल्या एका मुलीचे आहे. माझे अक्षर संगणकाइतकेच दुर्बोध असल्याचे कार्यालयाचे मत पडले.