सामाईक साठा नांव व परवलीचा शब्द कां मागतो?

संस्थेचे सात-बारा उतारे व कर्जखात्यांचे कागद ज्या जाळ्यावरील सामाईक साठ्यांत ठेविलेले असतात, तो उघडतांना संगणक नांव व परवलीचा शब्द वारंवार विचारूं लागला, म्हणजे पुष्कळ सभासद आपला संगणक उघडण्याचा पिनच घालीत बसतात. तो पिन त्या संगणकापुरताच. साठ्याच्या दारीं तो चालत नाहीं. तेथें साठ्यावर नोंदलेलेंच नांव व शब्द पाहिजे. तरीही नकार आल्यास विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्यें त्या साठ्याची जुनी नोंद आहे काय तें पाहून ती काढून टाकावी, माझी दोन दिवसांची खोटी अशाच एका जुन्या नोंदीनें झाली. २०२४ सालीं निघालेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीच्या प्रो प्रकारांत बिनशब्दाचा ‘पाहुणा’ प्रवेश मुळांतच बंद ठेविलेला आहे. सबब दप्तर हाताळणाऱ्या प्रत्येकाचें निराळें खातें साठ्यावर उघडून घ्यावें.