वृद्धांचे गंभीर आजार आणि गांजाचा औषधी उपयोग : पुरावा, मात्रा व कायदा

प्रस्तावना :

वार्धक्यातील गंभीर आजारात कुटुंबापुढे दोन वेगळे प्रश्न उभे असतात. आजार बरा होईल काय, हा पहिला. तो बरा होणार नसेल तर उरलेले दिवस वेदनेविना, थोड्या झोपेसह आणि चार घास पोटात जाऊन कसे निभावतील, हा दुसरा. गांजाच्या औषधी उपयोगाची चर्चा वस्तुतः या दुसऱ्या प्रश्नाच्या कक्षेतील आहे. आपल्यापर्यंत मात्र ती बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येऊन पोहोचते. आमच्या महाविद्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या वडिलांना वयाच्या ८१ व्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा आठवडाभरात चार परिचितांनी त्यांच्या भ्रमणध्वनीवर 'गांजाच्या तेलाने गाठ विरघळते' असा संदेश पाठविला. सरांनी तो प्रस्तुत लेखकास दाखविला आणि विचारले, "यात तथ्य किती?" प्रस्तुत लेखक वैद्यक शाखेचा नव्हे, समाजशास्त्राचा अध्यापक आहे. त्या एका प्रश्नाच्या निमित्ताने जे वाचन घडले, त्यातून हा लेख सिद्ध झाला आहे.

गाठीचे उत्तर थोडक्यात देता येते. प्रयोगशाळेतील पेशींवर व प्राण्यांवर असे काही परिणाम आढळले आहेत. माणसाचा कर्करोग त्याने बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही.

वनस्पती ते रेणू :

भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे होत. पाने ती भांग, मादी झाडाचा फुलोरा तो गांजा, आणि त्यावरची राळ म्हणजे चरस. आयुर्वेदात हीच वनस्पती 'विजया' या नावाने ओळखली जाते. पाश्चात्त्य वैद्यकात तिचा प्रवेश झाला तोही भारतातूनच. १८३९ मध्ये कलकत्त्यात डब्ल्यू. बी. ओशॉनेसी या आयरिश डॉक्टराने संधिवात, धनुर्वात आदी रोगांवर तिचा वापर करून आपली निरीक्षणे मांडली. परंतु अफूतून मॉर्फिन जसे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे काढले गेले, तसे गांजाचे झाले नाही. त्यातील मुख्य मादक द्रव्य टीएचसी हे शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यास १९६४ साल उजाडावे लागले. इस्रायलमधील राफेल मेशुलाम व येखिएल गाओनी यांनी ते केले. पुढे मेंदूत या द्रव्याला प्रतिसाद देणारे ग्राही (रिसेप्टर) सापडले, आणि १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत शरीर स्वतः तयार करीत असलेला तत्सम रेणू हाती आला. त्याचे नाव ठेवले 'आनंदामाइड', संस्कृतमधील 'आनंद' या शब्दावरून. गांजातील दुसरे महत्त्वाचे द्रव्य सीबीडी. त्याने टीएचसीसारखी नशा येत नाही. बाजारातील तेलाच्या बाटलीत या दोहोंचे प्रमाण किती, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

वृद्ध रुग्णांविषयीचा पुरावा :

याबाबतीतही इस्रायलचेच उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे परवान्यावर औषधी गांजा मिळतो, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील २,७३६ रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांचे सरासरी वय ७४.५ वर्षे होते. वेदना आणि कर्करोग ही उपचाराची प्रमुख कारणे होती. सहा महिन्यांनी उत्तर देणाऱ्यांपैकी ९३.७ टक्के रुग्णांनी सुधारणा असल्याचे सांगितले. शून्य ते दहा या मोजपट्टीवर वेदनेचा मध्यांक ८ वरून ४ वर आला. १८.१ टक्के रुग्णांनी अफूजन्य वेदनाशामके थांबविली वा कमी केली.

हे आकडे प्रथमदर्शनी भारावून टाकतात. म्हणून ते सावकाश वाचले पाहिजेत. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नोंदी औषध पुरविणाऱ्या संस्थेच्या रुग्णांच्या होत्या. सहा महिन्यांनी ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांत किती जण उपचार सोडून गेले आणि किती जग सोडून गेले, याचा परिणाम टक्केवारीवर होतोच. जेथे तुलनेचा गट ठेवला गेला, तेथे चित्र फिके पडते. तीव्र कर्करोग-वेदनेवर टीएचसी व सीबीडी यांच्या तोंडात मारावयाच्या फवाऱ्याच्या मोठ्या चाचण्या मुख्य निकषावर यशस्वी ठरल्या नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतील अस्वस्थतेवर अल्प मात्रेतील टीएचसी देऊन नेदरलँड्समध्ये झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाभ दिसला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये प्रौढांतील जुनाट वेदना, केमोथेरपीनंतरची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंचा ताठरपणा यांबाबत अनुकूल पुरावा असल्याचे म्हटले. तर वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये वेदनेसाठी त्याच्या सरसकट वापराची शिफारस करण्यास नकार दिला. तज्ज्ञच असे दोन बाजूंना उभे असताना घरातील माणसांनी एका संदेशावर विसंबावे, हे प्रस्तुत लेखकास पटत नाही.

वृद्ध शरीर आणि मात्रा :

वार्धक्यात स्नायू घटतात व चरबीचे प्रमाण वाढते. टीएचसी चरबीत विरघळणारे असल्याने ते शरीरात अधिक काळ रेंगाळते. यकृताची कार्यक्षमताही मंदावलेली असते. श्वासावाटे घेतलेले द्रव्य काही मिनिटांत परिणाम करते, पोटात घेतलेल्यास एक ते तीन तासही लागतात. होळीच्या दिवशी पहिला पेला 'चढला नाही' म्हणून दुसरा घेणाऱ्याची जी गत होते, तीच तेलाचे थेंब वाढविणाऱ्या रुग्णाची होऊ शकते. फरक इतकाच, की तरुण माणूस दुसऱ्या दिवशी उठून हसतो, आणि ऐंशी वर्षांचा वृद्ध रात्री शौचास उठताना रक्तदाब घसरून पडतो व त्याच्या खुब्याचे हाड मोडते. चक्कर येणे हा इस्रायलच्या अभ्यासातही सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम होता. भ्रम, हृदयाचे वाढलेले ठोके, दिवसा गुंगी हे त्यापुढचे. म्हणूनच मात्रा अगदी अल्प ठेवून सावकाश वाढवावी, असे या क्षेत्रातील डॉक्टर सांगतात.

औषधांची परस्परक्रिया हा दुर्लक्षित भाग आहे. सीबीडीमुळे वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी दुणावते. आपल्याकडे वृद्धांच्या उशाशी औषधांचा डबाच असतो, आणि तेलाची बाटली 'आयुर्वेदिकच तर आहे' म्हणून डॉक्टरांना सांगितली जात नाही.

कायदा आणि विसरलेले औषध :

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात गांजा व चरस यांना मनाई आहे. मात्र फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. भांग राज्यांच्या नियंत्रणाखाली आहे. पानांच्या अर्काची तेले आयुर्वेदिक औषध म्हणून विकली जातात ती याच फटीतून. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वाधिक कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले होते.

तथापि याच १९८५ च्या कायद्याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर होता. वैद्यकीय वापराचे मॉर्फिन परवान्यांच्या जंजाळात अडकले आणि पुढील बारा-तेरा वर्षांत देशातील त्याचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. मध्य प्रदेश व राजस्थानात सरकारच्या देखरेखीखाली अफू पिकत होती आणि कर्करोगाचे रुग्ण वेदनेने तळमळत होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधांना 'अत्यावश्यक' ठरवून अनेक परवान्यांऐवजी एकाच यंत्रणेची मान्यता पुरेशी केली. तरीही लहान गावांतील रुग्णालयांत ते आजही सहज मिळत नाही. तीव्र कर्करोग-वेदनेवर पारखलेले हे औषध असताना ते सोडून गांजाच्या तेलाविषयीचे कुतूहल वाढावे, यात त्याच्या दुर्मिळतेचा वाटा मोठा असावा, असे वाटते.

सरांच्या वडिलांना वॉरफॅरिन चालू होते. परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर) देणाऱ्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि तेल थांबविले. बाटली तोवर उघडलेली होती. मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी सर दर महिन्याला सव्वाशे किलोमीटरवरील रुग्णालयात स्वतः जात. अखेरचे अडीच महिने दादा ओसरीवर खुर्चीत बसून सकाळचे वर्तमानपत्र वाचीत, आणि दुपारी थोडा मऊ भात खात.