सीपॅपचा मास्क कसा निवडायचा? एका 'किरकोळ' प्रश्नामागचं संशोधन

पीएचडीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांची एक समजूत असते, की संशोधनाचा विषय ऐकायला भारदस्त असला पाहिजे. पेटच्या मुलाखतीला जाताना आपण कॅन्सर, नॅनो, क्वांटम असे शब्द खिशात घालून जातो. म्हणून आज मुद्दाम एक असा प्रश्न घेऊया जो दुकानदारालाही विचारता येईल: स्लीप ॲप्नियाच्या माणसाने रात्री तोंडावर कुठला मास्क लावावा? या प्रश्नाचं उत्तर शोधताना भौतिकशास्त्र लागतं, शरीरशास्त्र लागतं आणि सांख्यिकीही लागते. उत्तर चुकलं तर पन्नास-साठ हजारांचं मशीन कपाटात जाऊन बसतं आणि माणूस दिवसा गाडी चालवताना पेंगतो. प्रश्न किरकोळ नाही, हे एवढ्यावरूनच कळावं.

आधी आजार समजून घेऊ

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही लोकांमध्ये ते इतके सैल पडतात की जीभ आणि मऊ टाळू मागे जाऊन श्वासाची वाट बंद होते. छाती-पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. असं 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ झालं की त्याला ॲप्निया म्हणतात. वाट पूर्ण बंद न होता अरुंद झाली तर हायपोप्निया. झोपेच्या दर तासाला असे प्रसंग किती, तो आकडा म्हणजे एएचआय. 5 च्या आत असेल तर सामान्य, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र.

उपाय 1981 साली सापडला. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये 5 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नाकातून सतत थोड्या दाबाने हवा सोडायची, म्हणजे घसा आतून फुगलेला राहतो आणि मिटत नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही, तसंच. यालाच सीपॅप म्हणतात, सतत धन दाबाची हवा.

कल्पना पहिल्या रात्रीपासून चालली. अडचण होती ती हवा चेहऱ्यापर्यंत न गळता पोचवायची. सुरुवातीच्या काळात रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावरून मास्क बनवत आणि तो रोज रात्री सिलिकॉनने चक्क चिकटवत. मशीन लहान होत गेली, आवाज कमी झाला, पण 'हवा आणि चेहरा यांच्यामधली वस्तू' हा प्रश्न आजही उपचाराचा सगळ्यात नाजूक भाग आहे.

मास्कचे तीन मुख्य प्रकार

पहिला नेझल मास्क, जो फक्त नाक झाकतो. दुसरा नेझल पिलो, म्हणजे नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन मऊ गाद्या. तिसरा फुल फेस मास्क, जो नाक आणि तोंड दोन्ही झाकतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. सीपॅपचा दाब 'सेंटिमीटर पाणी' या एककात मोजतात. हे एकक फार सोयीचं आहे, कारण 1 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा थर 1 चौरस सेंटिमीटरवर बरोबर 1 ग्रॅम भार टाकतो. म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ केलं की मास्कला चेहऱ्यापासून दूर ढकलणारा जोर थेट ग्रॅममध्ये मिळतो.

दाब 10 सेंटिमीटर धरू. नेझल मास्कने झाकलेलं क्षेत्र अंदाजे 25 चौरस सेंटिमीटर धरलं तर जोर 250 ग्रॅम. फुल फेसचं क्षेत्र 70 धरलं तर 700 ग्रॅम. पिलोचं 4 धरलं तर फक्त 40 ग्रॅम. क्षेत्रफळाचे हे आकडे मी ढोबळ घेतलेत, तुम्ही पट्टी घेऊन स्वतःच्या चेहऱ्यावर मोजा. पण गुणोत्तर बघा. मास्क मोठा झाला की तो जागेवर ठेवायला पट्ट्यांना जास्त ओढावं लागतं, आणि तो सगळा ताण नाकाच्या हाडावर आणि गालावर येतो. शिवाय कडा लांब झाल्यामुळे गळायला जागाही जास्त मिळते. नाकाच्या हाडावर पडणारे लाल वण कुठून येतात, हे या एका गुणाकाराने समजतं.

म्हणून गळती थांबवायला पट्टे आवळत जाणं हा उलटा उपाय ठरतो. मास्कची गादी बहुधा दुहेरी पडद्याची असते. आतल्या हवेनेच बाहेरचा पातळ पडदा फुगतो आणि त्वचेला चिकटतो. पट्टा फार आवळला तर तो पडदा चुरगळतो आणि गळती वाढते.

सगळी गळती वाईट नसते

प्रत्येक घरगुती मास्कला बारीक छिद्रं असतात. त्यातून हवा मुद्दाम बाहेर सोडलेली असते, कारण आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. ही छिद्रं आवाज येतो म्हणून चिकटपट्टीने बंद करायची नाहीत. हॉस्पिटलमध्ये व्हेंटिलेटरसाठी बिनछिद्रांचे मास्कही वापरतात. दिसायला ते सारखेच असतात, पण घरच्या सीपॅपला ते लावणं धोक्याचं. फुल फेस मास्कला आणखी एक झडप असते. रात्री लाईट गेली आणि मशीन थांबलं, तर ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. आपल्याकडे ज्या गावांत भारनियमन आहे, तिथे ही झडप स्वच्छ आणि चालू आहे ना, हे बघणं ही चैन नाही.

काही मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असतात. पेसमेकर किंवा शरीरात तत्सम उपकरण असलेल्यांनी, आणि त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांनीही, असा मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

तोंड उघडं राहतं, मग फुल फेसच घ्यावा ना?

तर्क बरोबर वाटतो. पण शरीर वेगळं सांगतं. हवा फक्त नाकातून आली तर मऊ टाळूच्या मागे दाब जास्त आणि तोंडात कमी असतो. त्या फरकामुळे टाळू आणि जीभ पुढे ढकलली जातात आणि वाट उघडी राहते. फुल फेसमध्ये तोच दाब तोंडातूनही येतो, फरक मिटतो. त्यात खालचा पट्टा जबड्याला मागे ओढतो. म्हणून बऱ्याच रुग्णांना त्याच परिणामासाठी फुल फेसमध्ये जास्त दाब लागतो. दाब वाढला की वरच्या गुणाकाराने जोर वाढतो, जोर वाढला की गळती वाढते. चक्र सुरू.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सुरुवात नेझल किंवा पिलोने करायला सुचवतात. 'सुचवतात' हा शब्द लक्षात घ्या, ती सक्ती नाही. नाक कायम चोंदलेलं असेल, तर आधी नाकाचा उपचार, हवा दमट करणारं ह्युमिडिफायर, आणि तरीही जमलं नाही तर फुल फेस.

आता संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी इथला सापळा दाखवतो. समजा तुम्ही एका स्लीप लॅबची जुनी फाइल उघडली आणि दिसलं की फुल फेसवाले रुग्ण मशीन कमी वापरतात. दोष मास्कचाच आहे का? फुल फेस दिलाच मुळी कोणाला? ज्यांचं नाक चोंदलेलं, ज्यांना आधीच त्रास जास्त, त्यांना. म्हणजे मास्क आणि परिणाम या दोघांवरही तिसऱ्याच गोष्टीचा हात आहे. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. ते टाळायला चिठ्ठी टाकून मास्क वाटावा लागतो, किंवा एकाच माणसाला काही आठवडे हा आणि काही आठवडे तो असा क्रॉसओव्हर करावा लागतो. क्रॉसओव्हरमध्ये प्रत्येक चेहरा स्वतःशीच तुलना करतो, हा मोठा फायदा. पण क्रमही चिठ्ठीनेच ठरवा, कारण दुसऱ्या मास्कची पाळी येईपर्यंत माणूस मशीनला सरावलेला असतो. आणि रुग्णाला कुठला मास्क आहे हे लपवणं तर अशक्यच. इथे ब्लाइंडिंग होत नाही, हे प्रबंधात कबूल करून पुढे जायचं असतं.

'आराम' मोजायचा कसा?

रुग्णाला विचारून? 1993 साली क्रिब्स आणि सहकाऱ्यांनी 35 रुग्णांच्या मशीनमध्ये त्यांना न कळता वापर मोजणारं यंत्र बसवलं. लोक सांगत होते त्यापेक्षा प्रत्यक्ष वापर कमी निघाला. 70 टक्के दिवशी किमान 4 तास, हा निकष निम्म्याहून कमी लोकांनीच गाठला होता. हाच '4 तास' पुढे जगभर नियमित वापराची रेघ बनला. पण ती रेघ निसर्गाने आखलेली नाही. 2007 साली वीव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दिवसाची पेंग कमी व्हायला लागणारे तास आणि रोजची कामं सुधारायला लागणारे तास वेगवेगळे आहेत, आणि दुसऱ्यासाठी जवळजवळ पूर्ण रात्र लागते.

आता एक हिशेब, जो मला या विषयात सगळ्यात जास्त आवडतो. माझ्या मामांचं उदाहरण घेतो, आकडे मात्र सोपे करून. उपचाराविना एएचआय 40, झोप 7 तास. पहिल्या मास्कमध्ये मशीन एएचआय 2 दाखवायचं. छान! पण मास्क टोचायचा, म्हणून 4 तासांनी ते काढून ठेवायचे. दुसऱ्या मास्कमध्ये थोडी गळती, एएचआय 6, पण साडेसहा तास अंगावर टिकायचा. कुठला चांगला?

मशीन फक्त मास्क लावलेल्या वेळेचा आकडा देतं. पूर्ण रात्रीची सरासरी आपण काढायची. पहिला मास्क: 4 तास गुणिले 2, अधिक 3 तास गुणिले 40, म्हणजे 128. भागिले 7, उत्तर 18. दुसरा: 39 अधिक 20, म्हणजे 59. भागिले 7, उत्तर 8 च्या आसपास. पहिला मास्क रिपोर्टमध्ये जिंकतो आणि रात्रीत हरतो. प्रत्यक्ष फरक याहूनही मोठा असू शकतो, कारण पहाटेच्या भागात स्वप्नांची आरईएम झोप जास्त असते आणि बऱ्याच जणांचा ॲप्निया तेव्हाच बळावतो. तीन वाजता मास्क काढणारा माणूस नेमका तोच भाग गमावतो.

म्हणजे 'आराम' ही लाडाची गोष्ट नाही. गोळी किती ताकदीची यापेक्षा ती किती दिवस घेतली याला जसं महत्त्व, तसं.

2016 चा 'सेव्ह' अभ्यास आठवा, भारतासह 7 देशांतले, हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेले 2717 लोक. सीपॅपने एएचआय 29 वरून 3.7 वर आला, पण हृदयविकार-पक्षाघात कमी झाले नाहीत. सरासरी वापर होता रात्री 3.3 तास. मग सीपॅप निकामी, की वापर अपुरा? 4 तास किंवा जास्त वापरणाऱ्यांना वेगळं काढून जुळवून पाहिलं तेव्हा पक्षाघात कमी दिसला. पण थांबा, जो माणूस मास्क नेमाने लावतो तो गोळ्याही नेमाने घेतो, चालायलाही जातो. त्यामुळे या दुसऱ्या निष्कर्षावर उडी मारता येत नाही. एका मास्कच्या टोचण्यापासून आपण थेट वैद्यकशास्त्रातल्या मोठ्या वादापर्यंत आलो, बघा.

घरी कोणाला मास्क घ्यायचा असेल तर

दुकानात खुर्चीवर बसून पसंत करू नका. आडवं व्हा, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर वळा, मशीन स्वतःच्या ठरलेल्या दाबावर चालू करून 15-20 मिनिटं पडून राहा. आडवं झालं की चेहऱ्याचं मांस सरकतं आणि बसताना नीट असलेला मास्क डोळ्यांत वारा सोडायला लागतो. कवळी असेल तर रात्री जशी काढता तशी काढूनच माप घ्या. भरघोस मिशा-दाढी असेल तर पिलो बघा. नेझल मास्क चालतो का हे बघताना मिशीच्या जागी गळती होते का ते तपासा. बंद जागेची धास्ती असेल तर दिवसा जागेपणी, टीव्ही बघताना अर्धा तास लावून सराव करा. गादी रोज पुसा, चेहऱ्याचं तेल सिलिकॉनला सैल करतं. आणि मशीनसोबत खोक्यात आलेला मास्क तुमच्यासाठी निवडलेला नसतो. बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा, कारण एकदा वापरलेला मास्क अनेकदा परत घेत नाहीत. दाबात बदल मात्र डॉक्टरच करतील, आपण नाही.

शेवटी तुमच्यासाठी गृहपाठ. वरच्या हिशेबातला 'पूर्ण रात्रीचा एएचआय' हा मुख्य निष्कर्ष धरून नेझल आणि फुल फेसची तुलना करणारा क्रॉसओव्हर अभ्यास एका पानावर आखा. कोणाला घ्याल, कोणाला वगळाल, नाक चोंदलेलं आहे हे कशाने मोजाल, किती आठवडे द्याल, आणि ज्याने मास्क एकही रात्र लावला नाही त्याला विश्लेषणात ठेवाल की काढाल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना घाई करू नका. तो माणूस कंटाळून गेलेला असला, तरी तुमच्या अभ्यासातला सगळ्यात बोलका आकडा त्याचाच असू शकतो.