चार्जिंगची पिन ढिली का होते? मिलिमीटरपेक्षा पातळ जिभेची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, माझा मोबाईल फक्त वाकडा धरला तरच चार्ज होतोय." ती पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते. लेक्चर, नोट्स, टेस्ट सिरीज सगळं त्या एका मोबाईलवर, आणि पूर्वपरीक्षेला अकरा दिवस उरलेले. रूमवर गेलो तर मोबाईलखाली एक जाडजूड पुस्तक, केबलला रबरबँड, आणि वर चिठ्ठी: 'हात लावू नये.'

सर्व्हिस सेंटरने मोबाईल न उघडताच सांगितलं होतं की मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्च ऐकून तिने नवीन मोबाईलच्या किमती बघायला सुरुवात केली होती. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे असल्या प्रसंगी घरचे माझ्याकडे बघतात आणि मी इकडेतिकडे बघतो. पण या वेळी मी जरा खोलात गेलो. तेव्हा कळलं की ज्याला आपण 'चार्जिंगची पिन' म्हणून सोडून देतो, तो मोबाईलमधल्या सगळ्यात अवघड भागांपैकी एक आहे. प्रोसेसरला कोणी रोज खुपसत-उपटत नाही. पोर्टच्या नशिबी तेच आहे.

आत नक्की काय असतं?

टॉर्च लावून टाइप-सी पोर्टमध्ये बघा. मधोमध एक पातळ जीभ दिसेल, साधारण ०.७ मिमी जाडीची. तिच्या वर १२ आणि खाली १२ अशा एकूण २४ सपाट धातूच्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर फक्त अर्धा मिमी. चार पट्ट्या करंट आत आणतात, चार ग्राउंडच्या, बाकीच्या डेटा आणि चार्जरशी बोलण्यासाठी.

ही जीभ प्लगच्या पोकळ तोंडात शिरते. त्या तोंडात बारीक स्प्रिंगा असतात आणि त्या जिभेवरच्या पट्ट्यांना दाबून धरतात. या दाबावर सगळं चालतं. दोन धातू नुसते टेकले म्हणजे करंट नीट वाहतो असं नाही. कितीही गुळगुळीत दिसला तरी धातूचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखाच असतो, आणि दोन पृष्ठभाग फक्त काही शिखरांवर एकमेकांना भिडतात. सगळा करंट त्या मोजक्या ठिपक्यांतून जातो. दाब कमी झाला की ठिपके कमी होतात, रोध वाढतो आणि उष्णता वाढते.

आकड्यांत बघू. समजा ३ अँपिअर करंट जातोय आणि जोडाचा रोध १० मिलिओहम आहे. उष्णता होईल ०.०९ वॉट, म्हणजे काहीच नाही. तोच रोध १०० मिलिओहम झाला तर ०.९ वॉट, आणि तीही नखाएवढ्या जागेत. पिन हाताला चटका देते ती यामुळे.

पातळ करायचं तर अडचण कुठे येते?

हे समजायला प्लास्टिकची फूटपट्टी घ्या. एक टोक टेबलावर दाबून धरा आणि बाहेर आलेलं टोक बोटाने खाली ढकला. कनेक्टरमधली प्रत्येक स्प्रिंग म्हणजे हीच पट्टी, फक्त काही मिमीची आणि तांब्याच्या मिश्रधातूची. ती किती जोराने परत ढकलते हे जाडीच्या घनावर अवलंबून असतं. म्हणजे जाडी निम्मी केली तर जोर निम्मा होत नाही, तो आठपट कमी होतो! मोबाईल बारीक करायच्या नादात स्प्रिंग अर्धी केली, तर तिचा दाब जवळजवळ गेलाच.

मग लांबीही निम्मी करा, असं तुम्ही म्हणाल. मीही हेच म्हटलं होतं. जोर लांबीच्या घनाच्या उलट बदलतो, त्यामुळे जाडी आणि लांबी दोन्ही निम्मी केली की जोर मूळपदावर येतो. गणित सुटलं? नाही. तेवढंच वाकवताना धातूच्या आतला ताण आता दुप्पट झालेला असतो. धातूला एक मर्यादा असते. तिच्या आत वाकवला तर तो परत जागेवर येतो, तिच्यापलीकडे गेला की वाकडाच राहतो. फूटपट्टी जास्त वाकवली की तिला कायमचा बाक येतो, तसंच. 'पिन ढिली झाली' असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ही बारीकशी स्प्रिंग दबून बसलेली असते.

म्हणून कनेक्टर बनवणारे साधं तांबं वापरत नाहीत. फॉस्फर ब्राँझ, बेरिलियम कॉपर असे मिश्रधातू वापरतात, जे वीजही नेतात आणि जास्त ताण सोसून परत जागेवर येतात. वर निकेलचा थर आणि त्यावर सोन्याचा. सोनं चमक म्हणून नसतं. इतर धातूंवर हवेने ऑक्साइडचा पापुद्रा चढतो आणि तो फोडायला जास्त दाब लागतो. सोन्यावर तो चढत नाही, त्यामुळे नाजूक स्प्रिंगचा थोडा दाबही पुरतो. हा थर चांगल्या कनेक्टरवरही एक मायक्रॉनच्या आतबाहेरच असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर अंदाज येईल. स्वस्त केबलमध्ये तो नावापुरताच असतो. घासून गेला की खालचं निकेल उघडं पडतं.

झिजायचं कोणी?

आता माझा आवडता भाग. दोन भाग एकमेकांवर घासणार, म्हणजे काहीतरी झिजणारच. ते थांबवता येत नाही. पण कोणता भाग आधी झिजावा, हे मात्र इंजिनिअर ठरवू शकतो.

जुन्या मिनी यूएसबीमध्ये पकडून ठेवणाऱ्या स्प्रिंगा उपकरणाच्या बाजूला होत्या आणि आयुष्य साधारण ५,००० वेळा लावण्या-काढण्याचं धरलेलं होतं. २००७ मध्ये मायक्रो यूएसबी आलं. त्याच्या प्लगची जाडी सुमारे ३ मिमीवरून १.८ मिमीवर आली आणि तरीही आयुष्य १०,००० वेळांवर गेलं. पातळ झालं आणि टिकाऊही झालं! कारण स्प्रिंगा मोबाईलमधून काढून केबलमध्ये टाकल्या. झिजली तर शे-दोनशेची केबल झिजेल, मोबाईल नाही. मला हा निर्णय फार आवडतो, कारण यात नवा धातू किंवा नवी मशीन नाही, फक्त कोणाचा बळी द्यायचा याचा विचार आहे.

२०१४ मध्ये आलेल्या टाइप-सीने हाच विचार पुढे नेला. सपाट पट्ट्या मोबाईलमध्ये, स्प्रिंगा केबलमध्ये. प्लगच्या दोन्ही बाजूंना छोटे आकडे असतात आणि जिभेच्या आतल्या स्टीलच्या पत्र्याला असलेल्या खाचांत ते बसतात. 'टक्' असा आवाज येतो तो त्यांचाच. गंमत म्हणजे टाइप-सीचा प्लग सुमारे २.४ मिमीचा, म्हणजे मायक्रोपेक्षा जाडच आहे. उलटसुलट कसाही लागावा आणि मजबूतही असावा, यासाठी तेवढी जाडी मुद्दाम परत दिली गेली.

अ‍ॅपलने २०१२ मध्ये लाइटनिंग आणताना उलटी निवड केली. तिथे भरीव जीभ केबलला आणि स्प्रिंगा फोनमध्ये. जीभ मोडली तर केबलची मोडते हा फायदा, पण स्प्रिंगा थकल्या तर फोनच्या थकतात. दोन्ही बाजूंनी वाद घालणारे लोक आहेत. शेवटी २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सी आलं आणि वाद तसाच राहिला. युरोपात तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचंच झालं.

मग दोन वर्षांत का बिघडतं?

दिवसातून तीनदा पिन लावली तरी १०,००० वेळा व्हायला नऊ वर्षं लागतात. इतकी वर्षं मोबाईल कोण वापरतो? तरी पोर्ट जातात, कारण ती मोजणी सरळ आत आणि सरळ बाहेर अशी असते. आपण पिन लावून पालथे झोपतो, मोबाईल छातीवर उभा ठेवून गेम खेळतो. तेव्हा बाहेर आलेला प्लग पहारीसारखा काम करतो आणि सगळा जोर पोर्ट बोर्डला जिथे जोडलाय तिथे पोचतो.

हा जोड फार पातळ असतो. बोर्डवरचा तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ, आणि तो खालच्या फायबरवर चिकटवलेला. फक्त त्यावर डाग दिला तर कागदासारखा उचकटेल. म्हणून पोर्टच्या धातूच्या कवचाला पाय असतात, ते बोर्डच्या भोकांतून आरपार जातात आणि तिथे डाग दिला जातो. ओढाताण या पायांनी सोसायची, बारीक पट्ट्यांनी फक्त वीज न्यायची. जाडी वाचवायला आणखी एक युक्ती करतात: बोर्डला खाच पाडून पोर्ट त्यात अर्धा बुडवतात, म्हणजे तो बोर्डावर चढून बसत नाही.

दुसरं कारण म्हणजे खिशातला कापूस. प्रत्येक वेळी पिन लावताना तो तळाशी ठासला जातो. मग प्लग शेवटचा अर्धा मिमी आत जात नाही आणि 'टक्' होत नाही. टाइप-सीत करंटच्या आणि ग्राउंडच्या पट्ट्या आधी जुळतात, बाकीच्या नंतर. त्यामुळे अर्धवट लागलेल्या पिनेत आधी सुटतात त्या चार्जरशी बोलणाऱ्या पट्ट्या. मग फास्ट चार्जिंग गायब होतं, किंवा चार्जिंग सुरू-बंद होत राहतं.

इथे कबुली देतो. कॉलेजात असताना मी असाच कापूस सेफ्टी पिनने काढला होता, तोही मोबाईल चालू असताना. कापूस निघाला, सोबत जिभेचा तुकडाही. तुम्ही मोबाईल बंद करून लाकडी टूथपिकने, जिभेला न टेकता, कडेकडेने काढा. आणि पोर्ट ओला असेल तर चार्जर लावू नका. करंटची पट्टी आणि चार्जरशी बोलणारी पट्टी शेजारी-शेजारी आहेत, मध्ये ओल आणि वर व्होल्टेज असेल तर धातू गंजायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट दुरुस्तीला देण्याआधी माहीत हवी. स्क्रीन आणि बॅटरीच्या पट्ट्या ज्या छोट्या कनेक्टरने आत जोडतात, ते जोडल्यावर जेमतेम ०.६ मिमी उंच असू शकतात. पण त्यांचं आयुष्य साधारण १० ते ३० वेळांचंच धरलेलं असतं. कारखान्यात एकदा लावायचे, दुरुस्तीत कधीतरी काढायचे, एवढाच हिशोब. म्हणून 'जरा उघडून बघू' असं चार दुकानांत करत फिरू नका.

बहिणीचा मोबाईल आम्ही ओळखीच्या एका छोट्या दुकानात नेला. दादांनी आधी स्वतःची केबल लावून बघितली, फरक नाही. मग मोबाईल उघडून मायक्रोस्कोपखाली धरला आणि मला बोलावलं. जीभ धडधाकट होती, पट्ट्यांवरचं सोनंही शाबूत होतं. पण कवचाच्या एका पायाभोवतीच्या डागाला केसासारखी गोल भेग गेली होती. "ताई, झोपून बघता ना लेक्चर?" त्यांनी विचारलं. ती काहीच बोलली नाही.

नशीब असं की त्या मॉडेलमध्ये पोर्ट मदरबोर्डवर नव्हता, खालच्या बाजूला वेगळ्या छोट्या बोर्डावर होता. पुष्कळ मोबाईलमध्ये तसा असतो, म्हणून कोणी मदरबोर्ड म्हणालं की पोर्ट कशावर बसवलाय हे आधी विचारा. तो छोटा बोर्ड अर्ध्या तासात बदलला, साडेपाचशे रुपयांत. येताना तिने काटकोनात वळलेल्या पिनेची केबल घेतली, म्हणजे झोपून बघितलं तरी पहार लहान होते. रबरबँड मात्र अजून टेबलावर आहे, आता त्याने नोट्स बांधलेल्या असतात.