कळफलक शॉर्टकटांचा संघर्ष

कळफलक शॉर्टकटांचा संघर्ष म्हणजे संगणकातील दोन घटकांनी एकाच कळजोडावर हक्क सांगणे. कंट्रोल, आल्ट, शिफ्ट यांसारखी कळ दुसऱ्या कळेबरोबर दाबून जी आज्ञा दिली जाते, तिला शॉर्टकट किंवा कळजोड म्हणतात. संचालन प्रणाली अद्ययावत केल्यानंतर एखादा कळजोड नव्या कामासाठी राखून ठेवला जातो आणि त्यावर आधी चालणारे काम बंद पडते किंवा भलतेच काही घडते. मराठीसारख्या, रोमनेतर लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या वापरकर्त्यांना हा संघर्ष विशेष जाणवतो. कारण त्यांच्या दृष्टीने भाषा बदलण्याचा कळजोड ही केवळ सोय नसून लेखनाची पूर्वअट असते.

पार्श्वभूमी

भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट हा कळफलक आराखडा भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये प्रमाणित केला. 1988 मध्ये त्यात सुधारणा झाली आणि 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या मानकात त्याचा समावेश झाला. या पद्धतीत कळफलक तोच राहतो. मात्र निवडलेल्या आराखड्यानुसार एकच कळ रोमन किंवा देवनागरी अक्षर उमटवते. उदाहरणार्थ, ‘रत्नागिरी’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये नऊ कळांनी उमटतो: र, त, हलन्त, न, काना, ग, पहिली वेलांटी, र आणि दुसरी वेलांटी. आराखडा इंग्रजीच राहिला, तर याच नऊ कळांमधून जे, एल, डी, व्ही, ई, आय, एफ, जे, आर अशी निरर्थक रोमन अक्षरमाला उमटते. या दोन परिणामांमध्ये एका कळजोडाचे अंतर असते.

कळेचा प्रवास

दाबलेली कळ थेट लेखनाच्या खिडकीत पोहोचत नाही. काही लॅपटॉपांवर एफएन कळेचे संयोग संगणकाचे यंत्रच हाताळते. त्यानंतर संचालन प्रणाली स्वतःसाठी राखलेले कळजोड वेगळे काढते. पुढे पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रणालींचा, म्हणजे पडद्याचे चित्र टिपणाऱ्या किंवा ध्वनिमुद्रण करणाऱ्या साधनांचा, क्रम येतो. मग समोर उघडलेल्या अनुप्रयोगाला आणि तो न्याहाळक असल्यास त्यातील संकेतपानाला ती कळ मिळू शकते. वरच्या टप्प्यावर कळजोड अडवला गेला, तर खालच्या घटकाला त्याची वार्ताही लागत नाही.

विंडोजमध्ये एखाद्या अनुप्रयोगाला संपूर्ण संगणकभर चालणारा कळजोड हवा असल्यास तो प्रणालीकडे नोंदवावा लागतो. तोच कळजोड दुसऱ्याने आधी नोंदवला असेल, तर नंतरची नोंदणी नाकारली जाते. म्हणूनच अद्यतनानंतर एखादा नवा घटक संगणकाबरोबरच सुरू होऊ लागला, की जुन्या साधनाचा कळजोड निकामी होऊ शकतो. यात जुन्या साधनात बिघाड झालेला नसतो. त्याची जागा आधीच घेतली गेलेली असते.

अद्यतनांमुळे झालेले बदल

मॅक संगणकांवर कमांड आणि स्पेस हा जोड पूर्वी कळफलक आराखडा बदलण्यासाठी वापरला जात असे. 2005 मध्ये आलेल्या टायगर या आवृत्तीत स्पॉटलाइट ही शोधसुविधा आली आणि तिला हाच कळजोड देण्यात आला. एकाहून अधिक लिप्यांत लिहिणाऱ्यांना त्यामुळे निवड करावी लागली. अलीकडील आवृत्त्यांत आराखडा बदलण्यासाठी कंट्रोल आणि स्पेस हा जोड आहे.

विंडोजमध्ये बदल उलट दिशेने झाला. विंडोज 7 मध्ये विंडोज कळ आणि स्पेस दाबल्यास उघड्या खिडक्या पारदर्शक होऊन डेस्कटॉप दिसत असे. 2012 मधील विंडोज 8 मध्ये हा जोड भाषा बदलण्यासाठी देण्यात आला व डेस्कटॉप पाहण्याचे काम विंडोज कळ आणि स्वल्पविराम या जोडाकडे गेले. त्याच आवृत्तीत आणखी एक बदल झाला. पूर्वी प्रत्येक खिडकीची भाषा स्वतंत्र राहत असे. आता एका ठिकाणी बदललेली भाषा सर्व खिडक्यांना लागू होऊ लागली. जुनी पद्धत पर्याय म्हणून उपलब्ध आहे.

लिनक्समधील आयबस या टंकलेखन साधनाचा मूळ जोड कंट्रोल आणि स्पेस असा होता. 1.5 या आवृत्तीपासून त्याची जागा सुपर आणि स्पेस या जोडाने घेतली. जुना जोड अनेक अनुप्रयोगांच्या आड येत असे. उदाहरणार्थ, एक्सेलमध्ये त्याच जोडाने संपूर्ण स्तंभ निवडला जातो आणि वर्डमध्ये अक्षरांना दिलेली सजावट काढून टाकली जाते.

असाच संघर्ष न्याहाळकातही उद्भवू शकतो. विकिपीडियावरील टंकलेखन सुविधा कंट्रोल आणि एम या जोडाने चालू-बंद होते. फायरफॉक्समध्ये हाच जोड टॅबचा आवाज बंद करण्यासाठी आहे.

परिणाम

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला 30 व 40 शब्द अशा वेगाचे अभ्यासक्रम आहेत. अशा वेगाने टंकलेखन करणाऱ्याची नजर बहुधा मूळ मजकुरावर असते. त्यामुळे भाषा बदलली गेली नाही हे ध्यानात येईपर्यंत एखादी ओळ चुकीच्या लिपीत उमटून गेलेली असते.

पासवर्ड लिहिताना ही अडचण अधिक गंभीर होते. पडद्यावर अक्षरांऐवजी ठिपके दिसत असल्याने चुकीचा आराखडा ओळखू येत नाही. वारंवार चुकीचा पासवर्ड दिला गेल्यास खाते तात्पुरते बंद होण्याचीही शक्यता असते. लॉग-इनच्या पडद्यावरील भाषेचे चिन्ह आधी पाहणे हा त्यावरील साधा उपाय होय.

निदान

प्रथम संघर्ष आहे की आराखडाच नाहीसा झाला आहे, हे ठरवावे लागते. भाषेच्या चिन्हावर माउसने टिचकी देऊन मराठी निवडता येत असेल, तर आराखडा शाबूत असून केवळ कळजोड हरवला आहे. यादीत मराठी दिसतच नसेल, तर आराखडा पुन्हा जोडावा लागतो.

त्यानंतर तोच कळजोड नोटपॅडसारख्या साध्या अनुप्रयोगात वापरून पाहावा. तेथे तो चालत असल्यास संघर्ष पहिल्या अनुप्रयोगाशी निगडित असतो. तेथेही चालत नसल्यास पार्श्वभूमीतील साधने एकेक करून बंद करावीत व प्रत्येक वेळी कळजोड तपासावा. ज्या साधनानंतर तो पूर्ववत होतो, तेच संघर्षाचे कारण असते. सर्व साधने बंद करूनही फरक पडला नाही, तर बदल संचालन प्रणालीच्या मांडणीत शोधावा.

निराकरण

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, वेळ आणि भाषा, टायपिंग, प्रगत कीबोर्ड सेटिंग्ज या क्रमाने गेल्यास भाषा बदलण्याच्या कळजोडांचा दुवा मिळतो. तेथे डावी आल्ट व शिफ्ट, कंट्रोल व शिफ्ट असे पर्याय असतात. कोणताही जोड नको असल्यास तोही पर्याय आहे. मॅकवर कीबोर्ड सेटिंग्जमधील शॉर्टकटांच्या यादीत परस्परविरोधी जोडांपुढे पिवळा त्रिकोण दिसतो. लिनक्समधील ग्नोम वातावरणात आधीच वापरात असलेला जोड नव्या कामाला दिल्यास तशी सूचना मिळते व जुना जोड बदलावा का, असे विचारले जाते.

दोन दावेदारांपैकी कोणाचा जोड बदलावा, हे वापराच्या वारंवारतेवर ठरवणे सोयीचे असते. भाषा बदलण्याचा जोड एका परिच्छेदातही अनेकदा लागतो. चित्र टिपण्याचा जोड दिवसातून एखाद्या वेळी लागतो. अशा वेळी भाषेचा जोड कायम ठेवून दुसऱ्या साधनाचा जोड बदलणे इष्ट ठरते. एका वेळी एकच बदल करून तो तपासल्यास कोणत्या बदलाने काय साधले, हे स्पष्ट राहते.

शाळा, ग्रंथालये व कार्यालये येथे एकच संगणक अनेकजण वापरतात. तेथे एकाच खात्यात केलेला बदल सर्वांना लागू होतो आणि पुढच्या व्यक्तीला तो नव्या संघर्षासारखा वाटू शकतो. म्हणून बदललेला कळजोड कागदावर लिहून संगणकाजवळ ठेवणे उपयुक्त असते. पुढील अद्यतनाने मांडणी पुन्हा बदलल्यास हीच नोंद ती पूर्ववत करण्यास उपयोगी पडते.