मानवी चुका आणि देवाची योजना

माणसाने चुकीची निवड केली तरी देवाचा हेतू अडत नाही, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा तिचे ठळक उदाहरण. मत्सरापोटी भावांनी त्याला व्यापाऱ्यांना विकले. पुढे तो मिसर देशात फारोचा प्रमुख अधिकारी झाला आणि दुष्काळात त्याने साठवलेल्या धान्यावर तेच भाऊ जगले. भावांचा हेतू वाईटच होता. देवाने त्यातून अनेकांचे प्राण वाचवले. यामुळे भावांचा दोष मात्र पुसला जात नाही. देव वाईट घडू देतो, पण स्वतः वाईट करत नाही, असा भेद बहुतेक पंथ करतात. येशूच्या क्रूसावरील मृत्यूचा अर्थही असाच लावला जातो.

हे घडते कसे, याबाबत मतभेद आहेत. जॉन कॅल्व्हिन (१५०९–१५६४) याने देवाच्या सार्वभौम इच्छेवर भर दिला, तर याकोबस आर्मिनियस (१५६०–१६०९) याने कृपा नाकारण्याच्या मानवी स्वातंत्र्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अकोला परिसरात काम करणाऱ्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या पंथात दोन्ही मतांना जागा आहे. पश्चात्ताप आवश्यक आहे, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.